विहिरीवरचं जातं

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला गावाकडून वीसएक माणसं आली. निम्मी वडापच्या भाडोत्री जीपमधून, निम्मी मुरगूडच्या एस.टी.नं. बायका ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, पुरुषांच्या डोक्याला फेटे, आणि दोघा कर्त्या पुरुषांच्या काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले कागद. कायदा विभागाच्या व्हरांड्यात ही गर्दी बघून आमच्या शिपायानं मला हळूच विचारलं, "म्याडम, कुणाचं लगीन हाय व्हय?" मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. एरवी असल्या परीक्षेला कोण येतं? विभागातले चार प्राध्यापक, चहाच्या आशेनं दोन संशोधक विद्यार्थी आणि उमेदवाराचं घरचं कुणीतरी.

त्यांना मीच बोलावलं होतं. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा, असा विद्यापीठाचा नियम. तो वाचल्यावर मला राहवेना. ज्यांच्या ज्यांच्या बांधावर बसून मी वह्या भरल्या होत्या त्या सगळ्यांना पोस्टकार्डं टाकली: 'आपल्या विहिरीच्या पाण्याचा विषय बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर मांडला जाणार आहे. कुणालाही प्रश्न विचारता येईल. अवश्य यावे.' माझे मार्गदर्शक आमचे विभागप्रमुखच होते. ते म्हणाले, "अहो, परीक्षा आहे ती, बारसं नव्हे." मी हसण्यावारी नेलं. माझा स्वभावच तसा. आधी उडी, मग पाण्याचा अंदाज.

हा विषयही असाच उडी मारून घेतलेला. नव्वदच्या आसपास मी विद्यापीठात अधिव्याख्याता म्हणून लागले आणि मालमत्तेचा कायदा शिकवायला लागले. माझा आवाज मोठा, खडू दिवसाला चार मोडायचे. एकदा मी फळ्यावर विहीर काढून पाण्याचा सुविधाधिकार समजावत होते. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी न्यायचा हक्क, वीस वर्षांची वहिवाट, सगळं पुस्तकातलं. मागच्या बाकावरचा शाहूवाडीकडचा एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "मॅडम, आमच्यात असं नसतंय. पुस्तक लिवणाऱ्यानं विहीर बघितलीय का?" वर्ग हसला. मी भडकले, त्याला खाली बसवलं, आणि घरी जाताना लुनावर तेच डोक्यात. बघितलीय का? मी तरी कुठं बघितली होती! पेठ वडगावच्या व्यापाऱ्याची मी लेक. आमच्याकडं पाणी नळाला यायचं.

पुढच्या सुट्टीत मी मुरगूडच्या एस.टी.त बसले ती चार वर्षं बसतच राहिले. सामाईक विहिरीवर भावाभावांत पाण्याच्या पाळ्या कशा चालतात, एवढाच माझा प्रश्न. सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं, विहिरीत आठ आणे हिस्सा. म्हणजे निम्मी विहीर. पण पाणी काही चाकूनं कापता येत नाही. दोन दिवस तुझे, दोन दिवस माझे. मग तुझ्या पाळीत लाईट गेली तर? त्या वर्षांत लाईट जायची म्हणजे धरबंदच नव्हता. या एका प्रश्नावर माणसं तावातावानं बोलत आणि मी वेड्यासारखी लिहून घेत होते. उन्हानं डोकं तापलेलं, चपलेत चिखल, आणि मनात मात्र वरात निघालेली. पुस्तकात नसलेला कायदा माझ्यासमोर बांधावर बसून तंबाखू मळत होता!

प्रबंधाचं चौथं प्रकरण माझं लाडकं. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'पाळीची कोणतीही दृश्य खूण ठेवली जात नाही, सर्व व्यवहार स्मरणावर चालतो. वीज गेल्याने बुडालेली पाळी ही बुडालीच, असे मानण्याची रूढी दिसते.' ही वाक्यं लिहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले होते. आपण काहीतरी शोधलं, या आनंदात मला बसवेना.

त्या परीक्षेवर माझं बरंच काही अडकलं होतं. विभागात प्रपाठकाची एक जागा निघाली होती, पुढच्याच महिन्यात मुलाखती, आणि पीएच.डी. हातात असल्याशिवाय आत जाता येणार नव्हतं. आधी दोनदा ही जागा माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती. माझ्यानंतर लागलेले माझ्यापुढं गेले. या खेपेला मार्गदर्शकांनी तारखा अशा बसवल्या होत्या की परीक्षा झाली, अहवाल गेला, की पंधरा दिवसांत पदवीचं पत्र. सगळं मापात होतं.

खोलीत मंडळी आली आणि मला पहिला धक्का बसला. जीपमधून आलेले सगळे उजवीकडं बसले, एस.टी.नं आलेले डावीकडं. मधल्या वाटेकडं कुणी बघेना. उजवीकडं पुढं थोरला भाऊ, डावीकडं पुढं धाकटा. एकाच विहिरीचे दोन हिस्सेदार, दोघांच्याही मुलाखती माझ्या प्रबंधात होत्या. थोरल्यानं पिशवीतून वाटणीपत्र काढून मांडीवर ठेवलं आणि मला विचारलं, "बाई, जज्जसाहेब कवा येणार?"

"जज्ज कसले? परीक्षक येतील. माझी परीक्षा आहे."

"तुमची? आन् आमचा निकाल?"

पलीकडून धाकटा मला म्हणाला, "कार्डात लिवलंय की ओ! आपल्या विहिरीचा विषय मांडणार म्हणून. आमी गाडीभाडं भरून आलोय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या लोकांना वाटत होतं, कायद्याच्या मोठ्या शाळेत त्यांच्या भांडणाचा फैसला होणार आहे. भांडण आहे हेच मला ठाऊक नव्हतं. दोघांनी मुलाखती वेगवेगळ्या दिल्या होत्या, आणि घरचं उणं परक्या बाईपुढं कोण काढणार? समजूत घालायला वेळच राहिला नाही. परीक्षक आत आले आणि गंमत म्हणजे सगळी मंडळी कोर्टात उठतात तशी उठून उभी राहिली.

परीक्षक सीमेपलीकडचे, वयस्क, कानडी घरातले, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. त्यांनी फेट्यांच्या रांगांवर नजर फिरवली आणि म्हणाले, "मंडळी लांबून आलीत. मराठीतच होऊ दे." मला आणखीच चेव आला. मी पाऊण तास बोलले. विहीर काढली, हौद काढला, पाट काढला, दोन खडू मोडले. मी बोलेन ते माणसं माना डोलावून ऐकत होती. चौथ्या प्रकरणाला आले तेव्हा माना डोलायच्या थांबल्या. हे मला दिसलं, पण कळलं नाही.

विभागप्रमुखांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

उजव्या आणि डाव्या रांगेच्या बरोबर मागं, भिंतीला टेकून, एक म्हातारी बसली होती. ती कुठल्याच बाजूला बसली नव्हती. या दोघा भावांची थोरली बहीण, निपाणीकडं दिलेली. सगळे तिला अक्का म्हणत. ती पदर खोचून उभी राहिली.

"बाईनी सांगितलं खूण ठेवत न्हाईत म्हणून. मग विहिरीवर माज्या आईचं जातं कशापायी हाय?"

"कुठलं जातं?" मी विचारलं.

"पाटाच्या फाट्यावर पडल्यालं. वरचं पेड, मधी भोक असल्यालं. गावात गिरण आली तवा आईनं त्ये मळ्यात नेऊन टाकलं. दाद्याच्या पाळीत लाईट गेली आन् सऱ्या ऱ्हायल्या, की जातं दाद्याच्या अंगाला. धाकल्याच्या ऱ्हायल्या, की त्येच्या अंगाला. लाईट आली, मग वार कुणाचा का आसंना, जातं ज्येच्या अंगाला त्येची पाण्याची भर पयली. ऱ्हायलेल्या सऱ्या भिजल्या, की जातं परत मधी हौदाला टेकवायचं. पाळी बुडत न्हाय, बाई. थांबती."

परीक्षकांनी प्रबंध उघडून चौथं प्रकरण काढलं. मी म्हणाले, "पण अक्का, तुमच्या भावांनीच सांगितलं, बुडाली तर बुडाली." ते खरंही होतं. थोरल्याचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं टिपलं होतं: 'हितं कोण कुणासाठी थांबतंय?' केवढी खूश झाले होते मी त्या वाक्यावर.

"त्ये भांडणानंतरचं," अक्का म्हणाली. "धाकल्यानं जातं हलवलं, आसं दाद्या म्हंतोय. तवापास्नं दोघं बोलत न्हाईत. जातं दाद्यानं उचलून घाणेरीच्या झुडपात टाकलंय."

"मी न्हाय हलवलं!" धाकटा उसळून उठला. "मी दुसऱ्या दिशी सकाळच्या पारी गेलतो, तवा माज्याच अंगाला हुतं त्ये!"

"मग काय जातं पाय फुटून चाललं?" थोरलाही उठला. "अक्षयतृतीयेच्या आदल्या दिशी माज्या चार सऱ्या ऱ्हायल्या, लाईट गेली, मी माज्या हातानं जातं माज्या अंगाला ठेवून जेवायला गेलो. ऊस वाळला माजा. सख्ख्या भावानं दगुड हलवावा?"

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी.

माझ्यासमोर टेबलावर माझ्या बांधावरच्या वह्या रचलेल्या होत्या. परीक्षकांनी मागितल्या तर असाव्यात म्हणून आणलेल्या. मी तिसरी वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण मी नीटनेटकी बाई आहे. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'उद्या अक्षयतृतीया, विभागाला सुट्टी. दुपारी एक. विहिरीवर कुणी नाही. आंब्याखाली, जुन्या जात्यावर बसून लिहिते आहे.'

आणि मला सगळं आठवलं. टळटळीत ऊन. फाट्याच्या उजव्या अंगाला, उन्हात, आडवं पडलेलं एक टाकाऊ जातं. डाव्या अंगाला आंब्याची गार सावली. मी ते जातं उभं केलं, चाकासारखं गडगडत पाट ओलांडून सावलीत नेलं आणि त्यावर ऐसपैस बसले. तासभर बसले. भोकात पेनचं टोपण ठेवलं. कुणी आलं नाही, म्हणून चारची एस.टी. पकडून घरी गेले. जातं तिथंच ठेवून.

चार वर्षं ज्या कायद्याचा मी शोध घेत होते त्याच्यावर मी बसले होते. आणि वर लिहिलं होतं, खूण ठेवली जात नाही!

खरं सांगते, मला वही मिटावीशी वाटली. कुणाला कळणार होतं? अक्काचा मुद्दा नम्रपणे मान्य केला असता, 'एका विहिरीवरचा अपवाद' अशी तळटीप घालते म्हणाले असते, परीक्षकांनी मान हलवली असती, आणि पंधरा दिवसांत पत्र. तिसऱ्यांदा जागा डोळ्यांसमोरून जायला नको होती मला. हात वहीवर होता. पण समोर ते दोघं, पिकल्या केसांचे, मधली वाट सोडून उभे, एकमेकांकडं न बघता एकमेकांना ओरडत होते. मला माझाच राग आला. आणि राग आला की माझ्या तोंडाला दार नसतं.

"गप बसा दोघंही!" मी ओरडले. विभागप्रमुखांनी डोळे मिटले. "जातं मी हलवलं. ऊन लागत होतं म्हणून सावलीत नेलं आणि त्यावर बसले. हे बघा, लिहिलंय माझ्याच हातानं. तुम्ही ठेवलंत ते बरोबर होतं, आणि ह्यांनी बघितलं तेही बरोबर होतं."

मी ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. मग वही परीक्षकांच्या हातात दिली.

थोरला माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार, आणि त्या मी मुकाट्यानं खाल्ल्या असत्या. तो म्हणाला, "बाई, दोन वर्सं मी ह्येच्या घरचं पाणी प्यालो न्हाय की ओ!" धाकटा खाली बसला आणि फेट्याच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. अक्कानं मधल्या वाटेत येऊन धाकट्याला दंडाला धरून उठवलं, उजव्या रांगेत नेलं आणि थोरल्याच्या शेजारी बसवलं. "सर की पलीकडं," ती थोरल्याला म्हणाली. थोरला सरकला. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि मी रडत होते. आनंदानं की भीतीनं, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

परीक्षक मात्र हसले नव्हते. त्यांनी वही परत केली. "बाई, तुम्ही खरं बोललात. पण प्रबंधातलं चौथं प्रकरण आता उभं राहत नाही, आणि पाचवं चौथ्यावर उभं आहे. हा असाच मंजूर केला तर या मंडळींसमोर मला मान वर करता येणार नाही. परत विहिरीवर जा. प्रत्येक विहिरीवरचा दगड बघा. मग नव्याने सादर करा."

मी मान डोलावली. म्हणजे मुलाखत गेली. तिसऱ्यांदा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

थोरल्यानं अदबीनं हात वर केला. "सायेब, आमचा निकाल लागला. बाईंचा काय झाला?"

"बाईंचा राहिला," परीक्षक म्हणाले. "मधेच थांबला म्हणा."

"म्हंजे लाईट गेली."

"तसंच काहीसं."

थोरला उठला आणि बाहेर गेला. आम्हाला वाटलं, पान थुंकायला गेला असेल. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात विभागासमोरच्या फुलझाडांच्या कडेला लावलेल्या, चुना फासलेल्या दगडांतला एक दगड होता. माती तशीच. त्यानं तो माझ्या टेबलावर, मी बसले होते त्या अंगाला, वह्यांच्या शेजारी ठेवला.

"अहो पावणं, तो विद्यापीठाचा दगड आहे!" विभागप्रमुख म्हणाले.

"आसू दे की. ह्यो बाईच्या अंगाला. लाईट आली की भर पयली त्यांची." मग तो सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाला, "कुणी हलवायचा न्हाय."

प्रपाठकाची जागा दुसऱ्याला गेली. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं, घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. पण सोमवारी पुन्हा मुरगूडच्या एस.टी.त होते, आणि खिडकीत बसून मला चक्क गाणं सुचत होतं. पुढच्या दीड वर्षात काय काय सापडलं मला! एका विहिरीवर फुटकं उखळ, एका विहिरीवर नांगराचा मोडका फाळ, एका ठिकाणी नुसती बाभळीच्या खोडाला बांधलेली चिंधी. इतकी वर्षं मी त्यांच्यावरून चालत गेले होते. आता एकाही वस्तूला मी हात लावला नाही. सावलीसाठी छत्री नेली. भावांच्या मळ्यात जातं पुन्हा फाट्यावर आलं होतं. थोरला मला म्हणाला, "बसा की, बाई, तुमचंच हाय त्ये." आणि दोघे भाऊ पोट धरून हसले.

विभागात माझ्या टेबलावर तो चुन्याचा दगड तसाच होता. नवीन विद्यार्थी विचारायचे, मी सांगायची, आणि सुविधाधिकाराचं प्रकरण तिथूनच सुरू करायची. झाडणाऱ्या मावशींनी एकदा फडकं मारायला तो उचलला तर मी अशी ओरडले की शेजारच्या खोलीतून सर धावत आले.

दुसरी परीक्षा वीस मिनिटांत संपली. तेच परीक्षक होते. त्यांनी चौथं प्रकरण उघडून एकच प्रश्न विचारला, "पाळी बुडते का?" मी म्हणाले, "नाही सर. थांबते." पदवीचं पत्र आलं, पुढं प्रपाठकाची आणखी एक जागा निघाली, आणि त्या मुलाखतीच्या खोलीतून मी बाहेर पडले तेव्हा विभागप्रमुख व्हरांड्यातच दोन्ही हात वर करून म्हणाले, "झाली तुमची निवड!" त्या दुपारी मी माझ्या खुर्चीत येऊन बसले. समोर दगड. नियम मला तोंडपाठ होता, साठ पानं लिहिली होती त्यावर. भिजणं पुरं झालं की दगड परत मधे.

मी हात पुढं केला आणि मागं घेतला. खणातून पोस्टकार्ड काढलं आणि लिहिलं, 'पाळी पुरी झाली. दगड हलवायला या.'

चौथ्या दिवशी एस.टी.तून दोघे आले. एकाच बाकावर बसून, एकाच पिशवीत उसाची कांडकी घेऊन. थोरल्यानं दगड उचलला, धाकट्यानं बाहेर जाऊन बोटांनी माती उकरली, आणि दोघांनी मिळून तो फुलझाडांच्या रांगेत जिथला तिथं बसवला.